जयपूरची ओली भिंत : कारागीर, कलाशाळा आणि विद्यापीठ

महाराष्ट्रात जयपूर हे नाव कलेच्या संदर्भात उच्चारले गेले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम गाणे येते. जयपूर संस्थानातील उणियारा येथे १८५५ मध्ये जन्मलेले अल्लादिया खाँ कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयास आले आणि त्यांची गायकी मराठी घरांत रुजली. त्याच्या थोडे आगेमागे पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी जयपूरच्या 'मनरंग' परंपरेतील महंमद अली खाँ यांच्याकडून चिजांचा मोठा संग्रह मिळविला, तो स्वरलिपीत उतरविला आणि पुढे त्यातील पुष्कळ भाग संगीत-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आला. एका शहरातील घराण्यांची विद्या दूरच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्याचे हे दोन मार्ग मराठी वाचकास परिचित आहेत : एक गुरुगृहाचा, दुसरा छापील पुस्तकाचा.

जयपूरहून निघालेली आणखी एक विद्या मात्र या दोन्ही मार्गांनी जाऊ शकली नाही. ती भिंतीची विद्या होय. ओल्या चुन्यावर रंगविण्याच्या या पद्धतीस तेथे आराइश किंवा आलागीला म्हणतात. कलेच्या इंग्रजी वाङ्मयात ती 'जयपूर फ्रेस्को' या नावाने ओळखली जाते. चीज कागदावर निदान काही अंशी उतरविता येते. चुना उतरविता येत नाही. त्यामुळे ज्या ज्या संस्थेस ही विद्या शिकवावयाची होती, तिला जयपूरचा मिस्त्री आपल्या आवारात आणावा लागला किंवा आपले विद्यार्थी त्याच्याकडे पाठवावे लागले. निरनिराळ्या प्रांतांचे, जातींचे आणि भाषांचे विद्यार्थी व शिक्षक एका छताखाली आणून कला शिकविण्याची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न आज विद्यापीठांपुढे नवा म्हणून मांडला जातो. वस्तुतः जयपूरशी संबंध आलेल्या संस्था तो दीडशे वर्षांहून अधिक काळ सोडवीत, आणि पुष्कळदा टाळीत आल्या आहेत. त्या प्रश्नाचा गाभा अभ्यासक्रमात नसून कारागिराच्या दर्जात आहे, हे या इतिहासावरून दिसते.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसविले. संस्थानाचा सारा कारभार छत्तीस कारखान्यांत वाटलेला होता, आणि त्यांपैकी सूरतखाना हा चित्रकारांचा, तर गुणीजनखाना हा गवई-नर्तकांचा. कारखान्यात शिक्षण होते, परंतु शाळा नव्हती. मुलगा बापाच्या हाताखाली बसे आणि हात बसला की चाकरीस लागे. दुसऱ्या सवाई रामसिंहाने (मृत्यू १८८०) या व्यवस्थेशेजारी प्रथमच शाळा उभी केली. 'मदरसा-ए-हुनरी' या फारसी नावाच्या संस्थेचा आरंभ १८५७ चा सांगितला जातो; १८६६ मध्ये तिची नव्याने मांडणी झाली. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळाही १८५७ चीच, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईत सरकार व एक पारशी दाता, जयपुरात एक राजपूत संस्थानिक, काळ एकच.

किशनपोल बाजारातील पंडित शिवदीन यांच्या हवेलीत ही शाळा भरे. तिचे पहिले प्रमुख डॉ. व्हॅलेंटाइन हे वैद्यकी करणारे स्कॉटिश मिशनरी. त्यांच्यानंतर आलेले डी फॅबेक हे लष्करी शल्यचिकित्सक. पुढे उपेंद्रनाथ सेन हे बंगाली गृहस्थ प्रमुख झाले. शाळेचे नाव फारसी, आश्रयदाता राजपूत, प्रमुख स्कॉटिश नाहीतर बंगाली, आणि शिकविणारे हात हिंदू-मुसलमान कारागिरांचे. बहुसांस्कृतिक हा शब्द त्या वेळी कोणी वापरला नसता, पण वस्तू तीच होती. डॉक्टरांच्या हाती कलाशाळा जावी याचे आज नवल वाटते. संस्थानात इंग्रजी शिकलेला आणि दरबाराचा विश्वास असलेला माणूस म्हणजे बहुधा डॉक्टरच असे, एवढेच त्याचे कारण असावे.

या शाळेत निळ्या मृत्पात्रांची कला कशी आली याची एक दंतकथा जयपुरात सांगतात. पतंगांच्या लढतीत दोघा भावांनी काचेची पूड लावलेल्या मांजाने महाराजांचेच पतंग कापले. महाराजांनी त्यांची चतुराई ओळखून त्यांना दिल्लीस भोला नावाच्या कुंभाराकडे शिकावयास पाठविले. कथेतले पतंग बाजूला ठेवले तरी चुडामण आणि काळूराम ही दोन नावे आणि दिल्लीचा भोला हे जयपूरच्या परंपरेत पक्के आहेत. शाळेने आपला शिक्षक घडविण्यासाठी दोन तरुणांना परगावच्या घराण्यात पाठवावे आणि परत आल्यावर त्यांना वर्ग द्यावा, ही योजना आजच्या कोणत्याही विद्यापीठाच्या शिक्षक-प्रशिक्षण योजनेपेक्षा कमी दूरदृष्टीची नव्हती.

१८८३ मध्ये जयपुरात मोठे कलाप्रदर्शन भरले. त्याचे सूत्रधार थॉमस होल्बाइन हेंडले हेही शल्यचिकित्सकच. त्या प्रदर्शनाची चार खंडांची स्मृतिग्रंथमाला निघाली आणि १८८७ मध्ये अल्बर्ट हॉल हे वस्तुसंग्रहालय लोकांस खुले झाले. त्या इमारतीच्या ओवऱ्यांत स्थानिक चितेऱ्यांनी इजिप्त, चीन, ग्रीस, बॅबिलोन यांच्या संस्कृतींची चित्रे व त्यांसोबत अकबरकालीन 'रझ्मनामा'तील महाभारत-प्रसंग भिंतींवर उतरविले. ज्यांनी कधी जयपूरचा कोट सोडला नसेल अशा हातांनी जगाचा चित्रमय इतिहास रंगवावा, हे दृश्य विलक्षण आहे. परंतु काय रंगवावे हे ठरविणारे ते नव्हते. नमुने पुस्तकांतून आले, निवड साहेबाने केली, हात चितेऱ्याचा राहिला. श्रमविभागणीची ही रेघ पुढे दीर्घकाळ पुसली गेली नाही.

त्याला एक मोलाचा अपवाद आहे. अल्बर्ट हॉलचे वास्तुकार कर्नल स्विंटन जेकब यांनी १८९० पासून जयपुरी वास्तु-तपशिलांचा जो चित्रसंच प्रसिद्ध केला, त्यातील आरेखने शाळेत शिकविणाऱ्या लाला रामबक्ष यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांची होती, आणि जेकबने त्यांचे ऋण नावानिशी मान्य केले. हा संच सुट्या पानांचा होता. कमानी कमानींशी, तोडे तोड्यांशी लावून पाहता यावेत आणि बांधणाऱ्यास पान हातात घेऊन कामावर जाता यावे, अशी ती रचना. म्हणजे ग्रंथालयात ठेवण्याचे पुस्तक नव्हे, कामाच्या जागी वापरावयाचे साधन.

मुंबईत याच सुमारास, १८९१ मध्ये, कलाशाळेच्या आवारात कारागिरीसाठी 'रे आर्ट वर्कशॉप्स' वेगळी उभारली गेली. चित्रकला एका इमारतीत, हस्तव्यवसाय दुसरीत. जयपुरात दोन्ही एकाच हवेलीत होते, हे खरे. पण हवेली एक असली म्हणून पंगत एक होतेच असे नाही.

आता भिंतीकडे वळावयास हवे, कारण या विद्येची प्रकृती समजल्याशिवाय तिच्या शिक्षणाची अडचण समजणार नाही. आराइशीचा चुना काही महिने, चांगल्या कामासाठी वर्षभरही, पाण्यात विरवत ठेवतात. त्यात दही व गूळ घालून त्याची दाहकता मारतात. भिंतीवर आधी भरड गिलावा, मग संगमरवराच्या भुकटीचा, ज्याला तेथे झिंकी म्हणतात, तिचा थर, आणि त्यावर अतिशय बारीक मलईसारख्या चुन्याचे हात. टोचलेल्या खाक्यावरून कोळशाची पूड उडवून रेखाटन भिंतीवर घेतात. रंग बहुतांशी मातीचे व खनिजाचे : हिरमिच, रामरज, हरा भाटा, काजळ. गिलावा ओला आहे तोवर रंग लावावा लागतो, इथवर इटलीची रीत व जयपूरची रीत सारखीच. त्यानंतर जयपूरचा मिस्त्री नहला नावाच्या लहान थापीने रंग हलके हलके ठोकून चुन्यात बसवितो आणि अकिकाच्या दगडाने पृष्ठभाग घोटतो. शेवटी खोबरेल तेलाचा हात. भिंत आरशासारखी होते.

यातील प्रत्येक पायरीस काळाची मर्यादा आहे. थापी पाच मिनिटे आधी पडली तर रंग पसरतो, उशिरा पडली तर भिंत रंग घेत नाही. सकाळी जेवढा गिलावा केला तेवढा त्याच दिवशी पुरा करावा लागतो. मिस्त्री भिंतीला बोटाची पाठ लावून ठरवितो की आता. हे 'आता' कोणत्याही पुस्तकात लिहिता येत नाही. तासिकांच्या वेळापत्रकात ते बसत नाही हे तर उघडच आहे.

कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य ई. बी. हॅवेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जयपूरचा कारागीर तेथे बोलाविला. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी त्या पद्धतीत 'कच-देवयानी' रंगविले. १९२७ मध्ये नंदलाल बसू यांनी जयपूरच्या नरसिंहलाल मिस्त्रींना शांतिनिकेतनात आणले आणि १९३३ मध्ये त्यांच्या साह्याने कलाभवनाच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाच्या सज्जातील भित्तिचित्रे केली. तेथे जमलेले विद्यार्थी निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, आणि बंगाली, हिंदी, तमिळ अशा निरनिराळ्या भाषांच्या घरांतले. त्यांच्यापुढे उभा राहिलेला हा माणूस ढुंढाडी बोलत असे, व्याख्यान देत नसे. विद्यार्थ्यांनी चुना कुटला, पाणी मारले, थापीचा आवाज ऐकला. नंदलालांसारखा आचार्यही त्या कामापुरता मिस्त्रीच्या हाताखाली उभा राहिला, आणि या सर्व इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना बहुधा तीच असावी. असे असूनही कलाभवनाच्या इतिहासात नंदलालांवर ग्रंथ आहेत, त्यांच्या शिष्यांवर ग्रंथ आहेत; नरसिंहलाल बहुधा एका परिच्छेदापुरते येतात.

नेमक्या त्याच वर्षांत उलट दिशेनेही प्रवास चालला होता. १९२४ मध्ये अवनींद्रनाथांचे शिष्य असितकुमार हालदार जयपूर कलाशाळेचे प्राचार्य झाले. ते लवकरच लखनौस गेले, आणि पुढे शाळेची धुरा शैलेंद्रनाथ डे या दुसऱ्या बंगाली शिष्याकडे आली. त्यांनी जयपूरच्या मुलांना धुवट रंगाची शैली शिकविली. ही शैली 'भारतीय' म्हणून शिकविली जात असली तरी तिच्या धुवट तंत्रामागे १९०३ च्या सुमारास कलकत्त्यास आलेल्या योकोयामा ताइकान व हिशिदा या जपानी चित्रकारांचा सहवास होता. म्हणजे जयपूरचा विद्यार्थी आपल्याच शहरात, आपल्याच शाळेत, बंगालमार्गे आलेले जपानी तंत्र भारतीय म्हणून शिकत होता, आणि त्याच्या गल्लीतला मिस्त्री शांतिनिकेतनात जाऊन जयपूर शिकवीत होता. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. शैलेंद्रनाथांच्या वर्गातून रामगोपाल विजयवर्गीय (१९०५-२००३) यांच्यासारखा चित्रकार निघाला आणि तो पुढे त्याच शाळेचा प्राचार्य झाला. परंतु शाळेच्या प्राचार्यपदी परप्रांतीय चित्रकार सहज बसू शकत होता आणि स्थानिक मिस्त्री शिक्षकही होऊ शकत नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. प्रांताची भिंत ओलांडता आली. हुद्द्याची नाही.

या दोन प्रवासांची गाठ पडली ती जयपूर शहरात नव्हे, तेथून काही मैलांवर टोंक जिल्ह्यातील वनस्थळी येथे. हिरालाल शास्त्री आणि रतन शास्त्री या दांपत्याने आपल्या दिवंगत कन्येच्या, शांताबाईच्या, स्मरणार्थ १९३५ मध्ये मुलींसाठी ही संस्था सुरू केली. खादी, घोडेस्वारी, पंचमुखी शिक्षण ही तिची वैशिष्ट्ये. १९८३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अलवरचे देवकीनंदन शर्मा (१९१७-२००५) जयपूर कलाशाळेत शैलेंद्रनाथांकडे शिकले, शांतिनिकेतनात नंदलालांजवळ राहिले आणि वनस्थळीत कलाशिक्षक झाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी बिनोदबिहारी मुखर्जी काही काळ तेथे आले. त्या काळात वनस्थळीत भित्तिचित्रणाची शिबिरे सुरू झाली, जयपूरचे मिस्त्री बोलाविले गेले, आणि देशभरच्या कलाविद्यार्थ्यांना तेथे प्रवेश मिळू लागला.

शिबिर सुटीत घ्यावे लागे, कारण विद्यापीठांचे विद्यार्थी तेव्हाच मोकळे. परंतु राजस्थानचा उन्हाळा म्हणजे चुना झपाट्याने वाळण्याचा काळ. गिलाव्याला पोती भिजवून ओलावा धरून ठेवावा लागतो. विद्यापीठाचे पंचांग आणि चुन्याचे पंचांग यांत असा मूळचाच विरोध. दुसरी अडचण खर्चाची : पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी चुना आदल्या वर्षी विरवावा लागतो, म्हणजे विद्यार्थी प्रवेश घेण्यापूर्वीच त्यांच्या शिक्षणाचा खर्च सुरू होतो. तिसरी गुणांची. भिंत चौघांनी मिळून केलेली असते. गुणपत्रिका एकेकट्याची असते. आणि सर्वांत बिकट अडचण ही की, ज्याने खरोखर शिकविले त्याची सही प्रमाणपत्रावर कोणत्या नात्याने घ्यावयाची. बांधकाम खात्याच्या हजेरीपटावर मिस्त्रीस जागा असते, विद्यापीठाच्या शिक्षकांच्या यादीत नसते. तो रोजावर येतो, काम संपले की जातो. वनस्थळीच्या शिबिराने हा पेच पूर्ण सोडविला असे म्हणता येणार नाही. पण शिबिर ही जी तात्पुरती रचना आहे तिच्यात वर्गापेक्षा हुद्द्याचे भान कमी असते, एवढा लाभ निश्चित झाला.

वनस्थळीत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. राजस्थानात भिंतीचे काम करणारे चेजारे व चितेरे ही विद्या बापाकडून मुलाकडे देत. बायका चुना वाहत, दळत, पाणी घालत. कुंचला आणि थापी मात्र पुरुषाच्या हातची. मुलींच्या संस्थेत मिस्त्रीस वर्ग द्यावयाचा म्हणजे ती थापी मुलींच्या हाती देणे आले. कारागिराच्या घरात जे घडणे कठीण होते ते संस्थेत सहज घडले. कारागिराची विद्या विद्यापीठात आली की ती बाटते, असे म्हणणाऱ्यांनी हा लाभही हिशेबात धरावयास हवा. अर्थात त्या मुली कारागिरांच्या घरच्या नव्हत्या. चितेऱ्याच्या स्वतःच्या मुलीस थापी मिळाली का, हा प्रश्न उरतोच.

बडोद्याचा धागा येथे जुळतो आणि तो मराठी वाचकास अधिक जवळचा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. कलाशाळेची पदविका नव्हे तर विद्यापीठाची पदवी देणारी ती देशातील अग्रगण्य शाखा. चित्रकला विभागाचे प्रमुख नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०-१९९२) हे इंदूरच्या मराठी घरातले, आणि देवळालीकर मास्तरांच्या इंदूर कलाशाळेतून आलेले. बेंद्रे यांच्याकडे शिकलेले सौराष्ट्राचे ज्योती भट्ट वनस्थळीस जाऊन भित्तिचित्रण शिकून आले. पुढे जयपुरी आराइशीचे जाणकार ग्यारसीलाल वर्मा यांनी बडोद्याच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत शिकविली. इंदूरचा मराठी शिक्षक, गुजराती विद्यार्थी, जयपूरचा गुरू, शांतिनिकेतनहून आलेले के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे सहकारी : एवढी माणसे एका वास्तूत वावरली ती कोणा संस्कृतिमंत्रालयाच्या योजनेमुळे नव्हे, तर ती भिंत प्रत्येकाला हवी होती म्हणून.

निळ्या मृत्पात्रांची हकीकत वेगळ्या वाटेने तेथेच येते. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जयपुरातून जवळजवळ नाहीशी झाली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि राजमाता गायत्रीदेवी यांच्या प्रोत्साहनाने ती पुन्हा उभी केली कृपालसिंह शेखावत (१९२२-२००८) यांनी. ते लखनौ व शांतिनिकेतन येथे शिकलेले, पुढे तोकियोस जाऊन आलेले चित्रकार. घराण्याबाहेरच्या, विद्यालयात शिकलेल्या माणसाने घराण्याची विद्या सांभाळावी आणि ती येईल त्यास शिकवावी, असे येथे घडले. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कारागिराने प्राध्यापक व्हावे हे जमले नाही. शिकलेल्या चित्रकाराने कारागीर व्हावे हे जमले.

राजस्थान विद्यापीठाची स्थापना १९४७ ची, राजपुताना विद्यापीठ या नावाने. त्याच्या परीक्षांत चित्रकला हा विषय आला तेव्हा पुस्तकांची गरज पडली, आणि ती भागविणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. अजमेरच्या दयानंद महाविद्यालयात शिकविणारे र. वि. साखळकर यांचे 'आधुनिक चित्रकला का इतिहास' हे हिंदी पुस्तक जयपूरच्या राजस्थान हिंदी ग्रंथ अकादमीने प्रसिद्ध केले. सेझान, पिकासो, काण्डिन्स्की यांची ओळख राजस्थानातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना मराठी मातृभाषेच्या लेखकाने हिंदीतून करून दिली. पुस्तक मोलाचे आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे अशीही अवस्था आली की जयपूरचा पदवीधर पॅरिसच्या चित्रसंप्रदायांवर चार पाने लिहू शके, आणि आपल्याच शहरातील भिंत कशी होते यावर त्याची परीक्षा कोणी घेत नसे. दोष पुस्तकाचा नव्हे. पॅरिस पुस्तकात मावते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांत कलावंत व कारागिरांना निवासी स्वरूपात बोलाविण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार औपचारिक पदवी नसलेल्या कलावंतासही 'कलागुरू' म्हणून विद्यापीठात शिकविता येते. मिस्त्रीस रोजंदारीच्या पटावरून उचलून शिक्षकाच्या पटावर आणण्याची ही कागदावरची पहिली मोठी तरतूद होय. तीत गुरूंच्या श्रेणी लावल्या आहेत आणि त्या लावताना पुरस्कारांचा विचार केला आहे. पुरस्कार कोणास मिळतात, हे ज्याने जयपूरच्या हवेल्यांचे गिलावे करणाऱ्यांची कामे पाहिली आहेत त्यास वेगळे सांगावे लागू नये. शिवाय निवास ठराविक मुदतीचा आणि चुना वर्षभराचा. त्यामुळे कलागुरू येण्याआधी हौदात चुना कोण विरवील, हे प्रत्येक विद्यापीठास स्वतःच ठरवावे लागणार आहे.

किशनपोल बाजारातील शिवदीनांच्या हवेलीत आता कलाशाळा भरत नाही. राजस्थान स्कूल ऑफ आर्ट्स शिक्षा संकुलात गेली, आणि हवेलीत २०१७ पासून वस्तुसंग्रहालय आहे. ज्या दालनांत कधी काळी चुडामण आणि काळूराम शिकवीत, तेथे आता राजस्थानी कारागिरीच्या वस्तू काचेआड मांडलेल्या आहेत. भिंतींवरची आराइश जेथे नीट केली होती, तेथे ती अजून हाताला गार लागते.